आधी वायर, मग प्लॅन

बहुतेक घरांमध्ये तक्रार एकाच खोलीतून येते. हॉलमधल्या टीव्हीवर सिनेमा सुरळीत चालू असतो, स्वयंपाकघरात मोबाइलवर रेसिपीचा व्हिडिओ दिसत असतो, पण आतल्या बेडरूममध्ये ऑफिसची मीटिंग सुरू झाली की समोरच्याचा चेहरा गोठतो, शब्द तुटायला लागतात आणि तिकडून कुणीतरी म्हणतं, ‘तुमचा आवाज कट होतोय.’ मग घरात बैठक बसते. कुणीतरी कंपनीचं अ‍ॅप उघडतं आणि शंभरचा प्लॅन तीनशेचा होतो. पहिले दोन-चार दिवस सगळ्यांना फरक पडल्यासारखा वाटतो (पैसे भरल्यावर तो वाटावाच लागतो), आणि पाचव्या दिवशी त्याच बेडरूममध्ये तेच चक्र पुन्हा गोल गोल फिरायला लागतं. माझं म्हणणं असं आहे की फायबर आलेल्या घरात नेट अडतं ते बहुतेक वेळा कंपनीच्या तारेत नव्हे, आपल्याच भिंतींत. त्यामुळे खर्च करायचाच असेल तर तो आधी घरातल्या दहा मीटरांवर करावा, प्लॅनवर सगळ्यात शेवटी. हे वाटतं तितकं सर्वमान्य नाही. त्यावर आक्षेप आहेत आणि त्यातले काही रास्तही आहेत.

आधी गरज किती ते पाहू. नेटफ्लिक्स आपल्या ग्राहकांना सांगतं की फुल एचडी चित्राला सेकंदाला 5 मेगाबिट पुरतात, 4के चित्राला 15. झूमवरची अनेक जणांची उत्तम दर्जाची मीटिंग 4 मेगाबिटच्या आत बसते. चार माणसांच्या घरात एकाच वेळी एक 4के टीव्ही, दोन मीटिंगा आणि एका मुलाचा फुल एचडी व्हिडिओ चालू आहे असं धरलं, तरी बेरीज 28 मेगाबिटांवर थांबते. म्हणजे 30 च्या प्लॅनमध्ये हे घर काठोकाठ मावतं आणि 100 च्या प्लॅनमध्ये पाय पसरून बसतं. इथे थोडं मागे वळून पाहायला हरकत नाही. 2004 च्या ब्रॉडबँड धोरणात सेकंदाला 256 किलोबिट मिळाले की त्याला ब्रॉडबँड म्हणत. ती व्याख्या जानेवारी 2023 मध्ये 2 मेगाबिटांवर आली. तीनशेचा प्लॅन घेणारा माणूस सरकारी व्याख्येच्या दीडशे पट वेग विकत घेतो आणि तरीही बेडरूममध्ये हताश होऊन फोन खिडकीशी धरून उभा राहतो. मोठ्या प्लॅनचा उपयोग नसतोच असं नाही. 50 गिगाबाइटचा एखादा गेम उतरवायला 100 च्या प्लॅनवर तास-सव्वा तास लागेल (सेकंदाला 100 मेगाबिट म्हणजे साडेबारा मेगाबाइट, बिट आणि बाइट यांतला हा आठाचा फरक जाहिरातीत कधी सांगितला जात नाही), तेच काम 300 वर वीस-बावीस मिनिटांत होईल. पण मीटिंगमध्ये चेहरा गोठण्याचा या हिशेबाशी काही संबंध नाही. तिथे लागणारे 4 मेगाबिट तीस, शंभर, तीनशे या तिन्ही प्लॅनमध्ये आहेतच. ते त्या खोलीपर्यंत पोचत नाहीत, एवढंच.

का पोचत नाहीत, हे समजायला दोन प्रवासांची तुलना करावी लागते. पहिला प्रवास काचेतला. कंपनीच्या एका यंत्रातून निघालेला लेझरचा प्रकाश केसासारख्या बारीक काचेच्या तंतूतून येतो, वाटेत स्प्लिटर नावाच्या बिनविजेच्या डबीत त्याची बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटणी होते, आणि त्यातला एक धागा आपल्या दारावरून आत येऊन त्या पांढऱ्या डब्यात, म्हणजे ओएनटीत, शिरतो. आपल्याकडे घरोघरी प्रचलित असलेल्या जीपॉन पद्धतीत एका वाटणीतल्या सगळ्या घरांना मिळून खाली येण्यासाठी सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट आणि वर जाण्यासाठी सव्वा गिगाबिट उपलब्ध असतात. वाटणीत प्रकाश कमी होतो हे खरं, पण काचेतून धावताना तो जवळजवळ गळतच नाही. पाच किलोमीटरच्या प्रवासात फार तर तिसरा हिस्सा जातो. म्हणून वीस किलोमीटरवरून आलेली रेषही चालते, आणि घराच्या आत ती दहा मीटर पुढे ओढली तर तिला त्याचा पत्ताही लागत नाही.

दुसरा प्रवास हवेतला, आणि तिथे सगळं गणित उलटं होतं. पाच गिगाहर्ट्झच्या लहरी राउटरमधून निघाल्या की चहूकडे पसरतात. अवघ्या एका मीटरवर ठेवलेल्या फोनच्या छोट्याशा अँटेनाला त्यातला सुमारे चाळीस हजारावा भाग मिळतो. अंतर दुप्पट झालं की हाती येणारी ताकद चौथ्या हिश्शावर येते. घाबरण्याचं कारण नाही. रेडिओ इतक्या तुटपुंज्या मिळकतीवर संसार करायला कधीच शिकलेला आहे. हा हिशेब इंजिनिअर लोक डेसिबलमध्ये ठेवतात: 3 डेसिबल गेले म्हणजे निम्मं गेलं, 10 गेले म्हणजे दहावा हिस्सा उरला. मोबाइलवरचं एखादं फुकट वायफाय-अ‍ॅनालायझर अ‍ॅप हा आकडा उणे चिन्हासह दाखवतं. राउटरशेजारी उणे 30 ते 40 दिसेल, हॉलच्या दुसऱ्या टोकाला उणे 50. व्हिडिओ कॉल नीट चालायला उणे 67 च्या अलीकडे राहिलेलं बरं. उणे 80 च्या पलीकडे फोनला वायफाय दिसतं, कांडीही दिसते, पण बोलणं होत नाही.

या मोकळ्या हवेच्या हिशेबात अजून भिंत आलेली नाही, आणि आपल्या घरांत खरा प्रश्न तिचाच आहे. वायफायबद्दलचा पुष्कळसा लोकप्रिय सल्ला लाकडी चौकट आणि जिप्सम बोर्डाच्या भिंती असलेल्या परदेशी घरांसाठी लिहिलेला असतो. तिथे ‘एक राउटर दीड हजार चौरस फुटांना पुरतो’ हे विधान खरं ठरत असेलही. आपल्याकडे साडेचार इंची विटेची भिंत सौम्य मानायची, नऊ इंची भिंत कडक. कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेल्या घरात ओटीवर लावलेल्या राउटरचं वायफाय माजघरात अर्धमेलं होतं आणि मागच्या पडवीपर्यंत पोचतच नाही. सगळ्यात कठीण भिंत मात्र सगळ्यात नव्या घरांत सापडते. ठाणे, पनवेल, हिंजवडी, वाघोली या भागांतले अनेक टॉवर आता अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात, ज्याला बांधकामावर सगळे ‘मायवन’ म्हणतात त्या पद्धतीने, उभे राहतात. तिथे खांब-तुळया आणि मध्ये विटा असा प्रकारच नाही; बहुतेक सगळ्या भिंती काँक्रीटच्या आणि त्यांच्या पोटात सळयांची जाळी. घर मजबूत होतं, काम लवकर उरकतं, आणि प्रत्येक खोली रेडिओ लहरींपुरती एक पेटी होऊन बसते. त्यात लहर भिंतीला तिरकी लागली तर तिला भिंतीची जाडीही जास्त कापावी लागते. म्हणून ‘मध्ये एकच तर भिंत आहे’ असं आपल्याला वाटतं तेव्हा लहरीच्या वाटेवर दीड-दोन भिंतींइतकं काँक्रीट असू शकतं. वर आपण त्या भिंतीला टेकून लोखंडी कपाट उभं करतो, ड्रेसिंग टेबलाचा आरसा लावतो (त्याच्या पाठीवरचा मुलामा धातूचा असतो), फ्रिज ठेवतो. बाथरूमच्या माळ्यावर पाण्याची टाकी असेल तर पाणीही या लहरी शोषून घेतं.

आणि डबा कुठे बसवलेला असतो? फायबर जिथून घरात शिरते तिथे. म्हणजे मुख्य दाराच्या वर, चपलांच्या कपाटाशेजारी, नाहीतर टीव्ही युनिटच्या मागे, सेट-टॉप बॉक्सला चिकटून. जोडणीसाठी आलेल्या मुलाला तिथे प्लग सापडतो, वायर कमी लागते, काम अर्ध्या तासात संपतं. घरातली मंडळीही ‘दिसायला नको’ म्हणून डबा दाराआड सरकवायला सांगतात. आपण पैसे मोजलेल्या लहरींपैकी मोठा वाटा मग लॉबीत, लिफ्टमध्ये आणि समोरच्या फ्लॅटमध्ये जातो. आपलं वायफाय शेजाऱ्यांच्या फोनवर पूर्ण कांड्यांनी दिसतं आणि आपल्या बेडरूममध्ये एका कांडीने, ही तक्रार विनोदी वाटली तरी भूमितीच्या दृष्टीने अगदी चोख आहे.

यावर पहिला उपाय सुचतो तो ताकदवान राउटरचा. सहा शिंगं असलेला, काळा, युद्धनौकेसारखा दिसणारा. त्याने थोडा फरक पडतो, कारण चांगल्या अँटेना क्षीण आवाजही ऐकतात. पण वायफाय म्हणजे रेडिओवरच्या बातम्या नव्हेत, संभाषण आहे. राउटर कितीही मोठ्याने ओरडला, तरी उत्तर द्यायचं असतं बोटभर अँटेना आणि छोटी बॅटरी असलेल्या फोनला. राउटरचा आवाज फोनला ऐकू येतो, फोनची पोच राउटरला ऐकू जात नाही, आणि पोच आली नाही की राउटर तेच पुन्हा पाठवतो. फोनवर कांड्या भरलेल्या आणि तरी पान उघडत नाही, या अनुभवाचं एक कारण हेच.

त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट अशी, की दूरच्या खोलीतलं दुखणं त्या खोलीपुरतं राहत नाही. एका चॅनेलवरचं वायफाय म्हणजे एकच माईक असलेली सभा. एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. राउटरजवळचा लॅपटॉप सेकंदाला 400 मेगाबिटांनी बोलतो असं धरा. 10 मेगाबाइटची फाइल, म्हणजे 80 मेगाबिट, तो पाव सेकंदाच्या आत उरकतो आणि माईक सोडतो. तीच फाइल आतल्या बेडरूममधला फोन सेकंदाला 10 मेगाबिटांनी, अडखळत घेतो, तेव्हा त्याला माईकवर एकूण आठ सेकंद लागतात. ते आठ सेकंद तो सलग घेत नाही, तुकड्यातुकड्याने घेतो, पण ते घेतो सगळ्यांच्या वाट्यातून. म्हणून आतल्या खोलीत कुणी व्हिडिओ लावला की हॉलमधलाही टीव्ही रेंगाळतो, आणि घरातले म्हणतात, ‘नेटच स्लो झालंय.’ इमारतीतल्या शेजाऱ्यांचे राउटर त्याच चॅनेलवर असतील तर तेही याच माईकच्या रांगेत उभे असतात. 2.4 गिगाहर्ट्झच्या जुन्या पट्ट्यात एकमेकांच्या पायात न येणारे चॅनेल फक्त तीन, 1, 6 आणि 11. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीची अडचण नसते, तिथे छळते ती ही गर्दी. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा यापेक्षा खूप ऐसपैस आहे, आणि भारतात ऑक्टोबर 2018 मध्ये त्याचा बराच मोठा भाग विनापरवाना वापरासाठी खुला झाला. पण त्या पट्ट्याची पोच कमी असते. थोडक्यात, गर्दी नाही तिथे पोच नाही आणि पोच आहे तिथे गर्दी आहे.

हे सगळं आपल्या घराला लागू आहे की नाही, हे अंदाजाने ठरवायची गरज नाही. तीन मोजण्या पुरतात. एक, लॅपटॉप थेट वायरने डब्याला जोडून स्पीड टेस्ट. दोन, डब्याच्याच खोलीत, दोन-तीन मीटरवर, 5 गिगाहर्ट्झला जोडलेल्या फोनवर. तीन, तक्रार असलेल्या खोलीत दार लावून, कारण मीटिंग दार लावूनच होते. पहिला आकडा प्लॅनइतका आणि तिसरा त्याच्या दहाव्या हिश्शाइतका आला, तर कंपनीला फोन करून काहीही होणार नाही आणि प्लॅन वाढवून तर नाहीच नाही. तीनशेचा हजार केला तरी तिसरा आकडा तिथेच राहील, कारण तो भिंत ठरवते. उलट पहिलाच आकडा पडलेला असेल तर दोष बाहेरचा. बिनदिक्कत तक्रार नोंदवा. दुमडलेली फायबर किंवा खोल्यांमधून ओढताना चिमटलेली पॅच कॉर्ड हे तिथले नेहमीचे गुन्हेगार, आणि डब्यावरचा ‘लॉस’चा लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच पोचत नाही असं समजावं. पहिल्या मोजणीत एक आकडा मात्र ओळखून ठेवण्यासारखा आहे: 94 किंवा 95. दोनशे-तीनशेचा प्लॅन असून वायरवर काटेकोर 94 येत असतील, तर वाटेत कुठेतरी शंभराचं पोर्ट आहे. स्वस्त राउटरांच्या पाठीमागची भोकं अजूनही शंभराचीच असतात. नाहीतर वायरच्या आठ तारांपैकी एखादी तुटलेली असते. चार तारांवरही जोडणी होते, पण शंभरावर अडकते. अशा घरात प्लॅन वाढवणं म्हणजे टाकी मोठी करून नळ तोच ठेवणं.

दुरुस्तीतली पहिली पायरी जवळजवळ फुकट आहे: डबा हलवा. कंपनीच्या माणसाला आतली फायबर लांब टाकायला सांगून तो घराच्या मध्यावर, दोन बेडरूमांच्या दारांमधल्या पॅसेजमध्ये, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर आणायचा. वर सांगितलं तसं काचेला दहा मीटर म्हणजे काहीच नाहीत. एखाद-दुसऱ्या नव्या जोडानेही फारसं बिघडत नाही. फक्त कोपऱ्यावर ती काटकोनात मुडपू नये, गोलसर वळवावी. पाच-सहाशे चौरस फुटांच्या फ्लॅटचं दुखणं पुष्कळदा इथेच संपतं.

त्याहून मोठ्या किंवा काँक्रीटच्या घरात दुसरा राउटर लागतोच, आणि खरा वाद सुरू होतो तो दुसऱ्या राउटरला नेट कुठून मिळणार यावर. बाजारात सगळ्यात स्वस्त मिळतो रिपीटर, भिंतीतल्या प्लगमध्ये खोचायचा. तो राउटरचं बोलणं हवेतूनच ऐकतो आणि पुन्हा हवेतच बोलतो. एकाच चॅनेलवर हे चालत असेल तर प्रत्येक वाक्य दोनदा बोललं जातं आणि वेग निम्मा होतो. शिवाय लोक तो तिथेच खोचतात जिथे रेंज येत नाही. म्हणजे ज्याला स्वतःला नीट ऐकू येत नाही तो दुसऱ्यांना काय सांगणार? मेश नावाने मिळणारे दोन-तीन डब्यांचे संच याहून शहाणे असतात. चांगल्या संचात आपसातल्या बोलण्यासाठी एक पट्टा राखून ठेवलेला असतो, फोन एका डब्यावरून दुसऱ्यावर सहज सरकतो. विटांच्या घरात ते समाधानकारक चालतात. पण काँक्रीटची जी भिंत फोनला अडवते ती मेशच्या दुसऱ्या डब्यालाही अडवते. तिला महागड्या वस्तूंची वेगळी भीड नसते. म्हणून माझं मत वायरच्या बाजूने पडतं. कॅट-सिक्सची एक वायर पहिल्या डब्यापासून आतल्या खोलीपर्यंत गेली की भिंतीचा प्रश्नच संपतो: सेकंदाला एक गिगाबिट, शंभर मीटरपर्यंत, पावसाळा-उन्हाळा एकसारखा. तिच्या टोकाला दुसरा राउटर ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडमध्ये लावायचा, त्याला पहिल्याचंच नाव आणि पासवर्ड द्यायचा, चॅनेल मात्र वेगळा. त्यासाठी कपाटात पडलेला जुना राउटरही चालतो. मेशचा संच आधीच घेतला असेल तर त्याचे डबेही वायरने जोडता येतात, आणि मग तो संच पहिल्यांदाच किमतीला जागतो.

वायर निवडताना एक फसवणूक सर्रास होते. स्वस्त गुंडाळ्यांमध्ये आतली तार तांब्याची नसते, अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो. ब्लेडने तारेचं टोक हलकंसं खरवडलं की लालसर रंगाखाली चांदीसारखा पांढरा चकाकतो. अशी तार वाकवली की तुटते आणि जॅकमध्ये नीट बसत नाही. वर्षभराने तो 94 चा आकडा पुन्हा भेटायला येतो.

आता आक्षेप. ‘नुकतंच घर रंगवलंय, भिंती कोण फोडणार?’ हा सगळ्यात मोठा, आणि त्याचं उत्तर अनेक घरांत आधीच भिंतीत पुरून ठेवलेलं आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या फ्लॅटमध्ये बिल्डरने हॉल आणि बेडरूममध्ये केबल टीव्हीचा आणि टेलिफोनचा पॉइंट दिलेला असतो. त्यातली काळी जाड केबल ओटीटी आल्यापासून मेलेली आहे, पण तिचा पाइप जिवंत आहे. पाइप सलग असेल, तर जुन्या केबलच्या एका टोकाला नवी वायर घट्ट बांधून, वर चिकटपट्टी गुंडाळून, दुसऱ्या टोकाने हळूहळू ओढली की मेलेली केबल जाता जाता नवीला आत आणून सोडते. विजेच्या वायरिंगच्या पाइपमधून मात्र ही वायर नेऊ नये, ते सुरक्षिततेसाठी. पाइप नसेल तर स्कर्टिंगच्या वरून पांढरी केसिंग पट्टी जाते आणि आठवड्याभरात नजरेला तिची सवय होते. भाड्याच्या घरात चपटी वायर दाराच्या फटीतून नेता येते, घर सोडताना गुंडाळून बरोबरही नेता येते. अर्थात सौंदर्याचा आग्रह फार असेल, तर मेश आणि थोडा कमी वेग हा सौदाही काही वाईट नाही. फक्त तो सौदा आहे हे माहीत असावं.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाच्या भरवशाचा: वायफाय 6 आलं, 7 आलं, पुढचं येईल, वायर ही जुनी गोष्ट झाली. नव्या पिढ्यांनी गर्दी हाताळण्यात खरी सुधारणा केली आहे, आणि 6 गिगाहर्ट्झचा खालचा पट्टा विनापरवाना करण्याच्या नियमांचा मसुदा केंद्र सरकारने मे 2025 मध्ये काढला. पण लहर जितकी आखूड तितका भिंतीचा अडसर मोठा, हा नियम कुठल्याही राजपत्राने बदलत नाही. नव्या पट्ट्यातला प्रचंड वेग मुख्यतः त्याच खोलीत मिळतो. म्हणजे पुढची प्रत्येक पिढी ‘प्रत्येक खोलीत एक छोटा राउटर’ या दिशेनेच ढकलणार आहे, आणि त्या प्रत्येकाला मागून वायर लागणार आहे. आज टाकलेली वायर राउटरच्या तीन पिढ्या पाहील.

तिसरा आक्षेप खर्चाचा. समजा प्लॅन वाढवल्याने महिन्याला 300 रुपये जास्त जाणार आहेत. 18 टक्के जीएसटी धरून ते 354 होतात, वर्षाचे 4248. एवढ्यात वायर, जॅक, वायरमनची मजुरी आणि बरा दुसरा राउटर हे बहुतेक फ्लॅटमध्ये बसतं, आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा द्यावं लागत नाही. अडचण पैशांची नाही, माणसाची आहे. प्लॅन एका बटणावर वाढतो. वायर टाकायला कुणालातरी बोलवावं लागतं. कंपनीचा माणूस म्हणतो आमचं काम डब्यापर्यंत, वायरमन म्हणतो नेटचं आपल्याला कळत नाही. सीसीटीव्ही बसवणारे लोक या दोघांच्या मधले. वायर ओढणं, जॅक क्रिम्प करणं आणि टेस्टर लावून आठही तारा तपासणं हे त्यांचं रोजचं काम आहे. बोलवायचं असेल तर त्यांना.

प्लॅन किंवा जोडणी बदलणंच योग्य, अशीही घरं आहेत. टेलिफोनच्या तांब्याच्या जोडीवरचं जुनं ब्रॉडबँड अजून चालू असेल तर घरात काहीही केलं तरी उपयोग नाही. ती पद्धत उत्तम परिस्थितीत खाली 24 आणि वर जेमतेम 1 मेगाबिट देते, आणि एक्सचेंजपासूनच्या अंतराबरोबर तेही घटतं. तिथे फायबर घ्यावी, फायबर पोचत नसेल तर 2023 पासून मिळू लागलेली, गच्चीवर अँटेना लावून येणारी 5जीची जोडणी पाहावी. वर जाणाऱ्या वेगाकडेही लक्ष हवं. घरात क्लाउडवर सतत चित्रण पाठवणारे तीन-चार कॅमेरे असतील आणि रात्री सगळ्यांचे फोन फोटोंचा बॅकअप घेत असतील, तर वरची वाट तुंबते, मीटिंगचा आवाज त्या रांगेत अडकतो आणि स्पीड टेस्ट मात्र छान दिसते. बॅकअप मध्यरात्री लावणं हा त्यावरचा फुकट इलाज. नाहीच भागलं तर वर-खाली सारखा वेग देणारा प्लॅन. लाइट वारंवार जाणाऱ्या गावात प्लॅनच्या फरकाऐवजी राउटरचा छोटा 12 व्होल्टचा यूपीएस घ्यावा. फायबरच्या वाटेवरचा स्प्लिटर विजेवर चालत नाही, त्यामुळे कंपनीच्या टोकाला वीज आहे आणि आपला डबा जागा आहे तोवर अंधारातही नेट चालू राहतं.

उरतो प्रश्न नव्या घरांचा, आणि तिथे चूक सुधारायला पुढे जागाच नसते. ट्रायने ऑक्टोबर 2024 मध्ये इमारतींना डिजिटल जोडणीनुसार तारांकन देण्याचे नियम अधिसूचित केले, तेव्हा घराच्या आतलं जाळं हा निदान अधिकृत विषय झाला. पण सॅम्पल फ्लॅट पाहायला गेलेलं कुटुंब मॉड्युलर किचनचे ड्रॉवर उघडून बघतं, एसीचा पॉइंट विचारतं, गीझरचा विचारतं. बेडरूममध्ये नेटवर्कची वायर येते का हे विचारणारा विरळा. साच्यातल्या काँक्रीटच्या घरात विजेचे, पाण्याचे, केबलचे सगळे पाइप सळयांच्या जाळीला बांधून आधी उभे करतात आणि मग काँक्रीट ओततात. एकदा ते ओतलं की ती भिंत इमारतीचं ओझं पेलते, तिला झिरी पाडायला सोसायटी परवानगी देत नाही आणि देऊही नये. हॉलपासून प्रत्येक बेडरूमपर्यंत पाऊण इंची एक जादा पाइप, आत ओढायला एक दोरी, एवढीच मागणी आहे. आणि ती त्या मजल्याचा स्लॅब पडायच्या आधीच्या आठवड्यात साइट इंजिनिअरकडे करावी लागते.